गंधकाची बांगडी

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या हंगामातली गोष्ट. हे साखर कारखान्यात गंधकाच्या भट्टीवर होते. गंधकाच्या धुरानं उसाचा रस निवळवतात, ते काम. मी तिसगावची, चौथी शिकलेली. ह्यांच्याशीसुद्धा मान खाली घालून बोलायची.

एका दुपारी ह्यांनी अंगणात शेगडी पेटवून लोखंडी पळीत गंधक वितळवलं. आमची चार वर्षांची मुलगी बघत होती. आधी ते तेलासारखं पातळ, पिवळं झालं. जाळ वाढला तसं लाल, मग काळपट, आणि इतकं घट्ट झालं की पळी उपडी केली तरी पडेना.

"अवो, करपलं जनू," मी म्हणाले.

"गूळ हाय व्हय करपायला? गंधकच हाय ते. नवी मानसं हितंच चुकत्यात. घट झालं म्हनून आनखी जाळ घालत्यात, मग भट्टीची नळी तुंबती. तवा जाळ काढायचा आन् गप बसायचं. निवलं की आपसूक पातळ हुतंय."

मग ह्यांनी ते मुद्दाम खूप तापवलं. ते पुन्हा सैल झालं, तसं पाण्याच्या घमेल्यात ओतलं. त्याचं रबर झालं. ह्यांनी ते ओढून मुलीच्या हातात बांगडी वळली. चार दिवसांत बांगडी कडक झाली आणि तुटली. पोर रडली.

"दुसरी करू की, माय," हे म्हणाले.

संक्रांतीनंतर ती तापानं गेली.

ह्यांचं बोलणं बंद झालं. कामावरून यायचे, जेवायचे, भिंतीकडं तोंड करून बसायचे. मला ती पळी आठवायची. मी तिचे झगे पेटीत ठेवले. ह्यांच्यासमोर तिचं नाव काढलं नाही, की रडले नाही. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "अगं, बोल की त्यांच्याशी. दोघं मिळून रडा एकदा."

"निवू द्या त्यांना," मी म्हणायची.

उन्हाळ्यात पट्टा पडला, हंगाम संपला. हे वळकटी बांधून दूरच्या कारखान्यावर गेले. जाताना माझ्याशी बोलले नाहीत. मावशींना सांगून गेले, "तिला पोरीचं काईच वाटलं न्हाई. येकदा नाव घेतलं न्हाई तिनं."

मावशींनी ते मला चार दिवसांनी सांगितलं. ह्यांचा पत्ता कुणाकडं नव्हता. मी वाट बघितली, मग तिसगावला परत आले.

बांगडी तुटली त्याच दिवशी तिचे तुकडे मी उचलून काडेपेटीत ठेवले होते. अजून आहेत. ह्यांना ते ठाऊक नाही.