तातीचा आवाज

भांडायला निघाली की ती आधी दोन्ही तळहातांवर थुंकायची, ते खसाखसा चोळायची आणि म्हणायची, "हात मोडीन!"

पलूसला आमच्या शेजारी राहणारी ही पिंजारीण. एकटी विधवा. गल्ली तिला मावशी म्हणायची. तिच्या पाठीमागे काय म्हणायची ते लिहिण्यासारखे नाही. ओला कापूस गळ्यात मारणाऱ्या एका व्यापाऱ्याचे तोंड तिने भर बाजारात त्याच कापसात दाबून धरले होते. माणूस निळा पडल्यावर सोडला. "वास घ्या म्हनलं," एवढेच तिचे म्हणणे. तुम्ही असता तर लांबूनच वळसा घातला असता. आम्हीही घालायचो.

तिच्या पलीकडच्या घरात इंदा आणि तिचा चार वर्षांचा बाळू राहत. देवीच्या रोगात त्याचे दोन्ही डोळे गेले होते. लढाई संपून बाप घरी आला तो दारू घेऊनच. रोज पट्टा काढायचा. आधी इंदाला, मग पोराला. बाळूला एकच चाहूल पक्की कळायची, बापाच्या नाल ठोकलेल्या बुटांची. फरशीवर ते वाजले की तो कणगीमागे शिरून डोके हातांनी झाकायचा. पुढे पुढे कुणी भाकरी द्यायला हात लावला तरी डोके झाकायचा.

मावशी दारातून हे बघत होती. एकदा मला म्हणाली, "पोराला फुडचं कळतंय गं. पन निस्तं माराचंच कळतंय."

मग तिने त्याला दारात बसवायला सुरुवात केली. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात, म्हणजे तिची ताणलेली दोरी, एकदा छेडायची आणि हातावर गूळ ठेवायची. पहिल्या दिवशी बाळूने डोके झाकले. ती थांबली, पुन्हा छेडली, पुन्हा गूळ ठेवला. महिन्याभरात तात वाजताच पोरगे हसून हात पुढे करू लागले.

गल्लीतली पोरे त्याला ढकलून पळायची. दोघांना तिने असे बडवले की कुणी त्या दाराकडे फिरकेना, आणि बाळू पुन्हा एकटा पडला. तेव्हा तिनेच पोरांना बोलावून पिंजलेल्या कापसाचा ढीग दाखवला. "नाव सांगायचं, मग त्याच्या शेजारी उडी मारायची. न सांगता मारली तर हात मोडीन!" माझी शेवंता ओरडायची, "शेवंता आली!" आणि उडी पडण्याआधीच बाळू खदखदून हसायला लागायचा.

एका दुपारी असाच खेळ चालला असताना बूट वाजले. बाळूचे हात डोक्यावर गेले. बापाने त्याला दंडाला धरून ढिगातून ओढले.

"माझं पोर हितं तमाशाला बसवतीस व्हय?"

पट्ट्याचा पहिला फटका पोराच्या पाठीवर पडला. दुसऱ्याला मावशी मध्ये आली. पितळी बक्कल तिच्या भुवईत घुसले; रक्त कापसावर उडाले. हातावर थुंकायला ती थांबलीच नाही. तातीवर मारायचा जड लाकडी दस्ता तिने त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचे मी ऐकले. मग गुडघा, मग खांदा, मग तोंड. तो खाली पडून ओरडत होता आणि ती शिव्या देत हाणतच होती. इंदा उंबऱ्यात उभी होती. तिने बराच वेळ काही केले नाही. शेवटी म्हणाली, "मावशी, बास. मरंल त्यो."

बाप मोडक्या हातानिशी आटपाडीला भावाकडे गेला तो परतलाच नाही. बरे झाले, असे सगळ्यांनाच वाटले.

दुसऱ्या दिवशी मावशीने गुळाचा खडा काढला आणि तात छेडली. बाळू डोके झाकून सरपटत पळाला. वाटेतच त्याला लघवी झाली. तात म्हणजे मावशी, आणि त्या मारामारीत सगळ्यांत जवळून त्याने ऐकला होता तो तिचाच आवाज. तिने पुष्कळ दिवस प्रयत्न केला. नुसती खोकली तरी पोर थरथरायचे.

"आता मीच त्याचं बूट झाले," ती मला म्हणाली.

पिंजण बंद झाले. ज्या बाईचे तोंड गल्लीभर ऐकू यायचे ती कुजबुजून बोलू लागली. पोरे माझ्या अंगणात कडब्यावर उड्या मारू लागली, आणि हळूहळू बाळू त्यांच्यात गेला. ती अर्धवट लोटलेल्या दाराआडून बघायची.

पावसाळ्याआधी शिराळ्याहून तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. सामान चढले. गाडी माझ्या अंगणाशी आली तेव्हा पोरे रंगात होती. भावाने बैल थांबवले.

"पोराशी बोल की काईतरी. जातीस न्हवं?"

तिने ओठांवर पदर दाबला, नकाराची मान हलवली आणि पदराआडून कुजबुजली,

"चल. खेळतोय त्यो."