माझ्या वाटणीचा रिबेट

परदेशातल्या आमच्या घरात सगळं ह्यांच्या नावावर असायचं, यिशुनच्या फ्लॅटपासून फोनच्या बिलापर्यंत. मला त्यात वावगं वाटत नसे. धाकटीच्या जन्मानंतर मात्र एका गोष्टीसाठी मी अडून बसले.

दुसरं मूल झालं की तिथलं सरकार आईबापांना इन्कम टॅक्समध्ये रिबेट द्यायचं, म्हणजे भरायच्या टॅक्समधून थेट वजा होणारी ठरावीक रक्कम. तो आपसात कसा वाटायचा, ते नवरा-बायकोनं ठरवायचं. हे एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघायचे. पगार बेताचा, टॅक्सही बेताचा. मी तोआ पायोहच्या एका ऑफिसात अर्धा दिवस बिलं टाइप करायची. माझ्या पगाराला टॅक्स लागतच नव्हता. नोकरी करणाऱ्या आईला मुलांमागे वेगळी सवलतही होती, पण ती जेवणाच्या आमंत्रणासारखी. भूक नसेल तर कुणी घरी बांधून देत नाही. ज्याला टॅक्सच नाही, त्याच्या हातात त्यातलं काही पडायचं नाही. रिबेट मात्र उरला, तर पुढच्या वर्षांसाठी शिल्लक राहायचा.

मला तेवढं पुरेसं होतं. मी संध्याकाळचा अकाउंटिंगचा कोर्स सुरू करणार होते. दोन मुलांच्या रगाड्यात हिचं खूळ टिकायचं नाही, अशी ह्यांची खात्री. त्यांनी सगळा रिबेट स्वतःच्या नावावर घ्यायचं परस्पर ठरवूनही टाकलं. मी म्हटलं, निम्मा माझा. तुझ्या नावावर नुसता पडून राहील, असं त्यांनी मला परोपरीनं समजावलं.

"तू कमावशील तेव्हा बघू," शेवटी ते म्हणाले.

"मग तोवर माझा वाटा पडून राहू दे."

मला राग आला होता, आणि रागावले की मी हटत नाही. निम्मा माझ्या नावावर झाला. हे आठवडाभर गाल फुगवून होते.

एकेक करून सगळ्या परीक्षा मी पास झाले. मला एका बँकेत पूर्ण वेळ नोकरी लागली. पुढे मंदी आली आणि ह्यांची कंपनी बंद पडली. त्या वर्षी घरात पगार एकच, माझा. टॅक्स बसला तोही मलाच. आता भूक होती, त्यामुळे आईची सवलत कामी आली, आणि उरलेला टॅक्स रिबेटनं फेडला.

टॅक्सचा फॉर्म भरायला कॉम्प्युटरपुढे हेच बसले होते. भरायची रक्कम शून्य दिसली, तसे ते माझ्याकडे वळले.

"बरं झालं, तेव्हा माझं ऐकलं नाहीस."

"ऐकलं होतं की," मी म्हटलं. "तू कमावशील तेव्हा, असं तुम्हीच म्हणाला होतात."