फॉर्मवर लिहिलेलं 'नाही'

दादरच्या एका जलतरण तलावावर दर रविवारी मी पैसे घेऊन लोकांना स्कूबा शिकवत असे. 'पैसे घेऊन' हे मुद्दाम लिहितोय. हौसेने सोबत उतरलेला मित्र आणि पगारी प्रशिक्षक यांच्या जबाबदारीत फरक काय, असा प्रश्न मला परीक्षेत आला होता. उत्तर मी बरोबर लिहिलं होतं.

एका रविवारी आमच्या चाळीतला, आमच्याच मजल्यावरचा दादा आला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि प्रवेशाचा फॉर्म मला त्यानेच भरून दिला होता. आता त्याचं लग्न ठरत होतं, मग धाकट्या बहिणीचं. होणाऱ्या मेहुण्यालाही तो घेऊन आला होता.

"मास्तर, फॉर्म द्या की," तो मला चिडवत म्हणाला.

फॉर्मवर आजारांची यादी असते. एकालाही 'हो' आलं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पाण्यात उतरवायचं नाही. दम्यापाशी दादाचं पेन थांबलं. मेहुणा खांद्यावरून वाचत होता. दादा श्वासाचा पंप वापरतो हे अख्ख्या मजल्याला माहीत होतं. पण आमच्याकडे दमा म्हणत नाहीत, 'धुळीचा त्रास' म्हणतात, आणि सोयरिकीच्या माणसांसमोर तर तेही नाही. दादाने 'नाही' लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी खाली सही केली.

आज तुझ्या मापाचं सामान नाही, एवढं खोटं बोललो असतो तरी भागलं असतं. तेव्हा सुचलं नाही. नाही, सुचलं होतं. धीर झाला नाही.

बारा फूट खाली त्याला खोकल्याची उबळ आली. मी त्याचा दंड धरून होतो. श्वास सोडत राहा, अशी खूण करत होतो. त्याने हात हिसडला आणि श्वास कोंडून सरळ वर गेला. इतक्या कमी पाण्यातही अशाने फुप्फुस फाटू शकतं. हेही मी शिकलो होतो.

परळच्या हॉस्पिटलात तो तीन आठवडे होता. आता एक जिना चढला की पायरीवर बसतो. लग्न मोडलं. तलावावर चौकशी झाली तेव्हा साहेबांनी फॉर्म पाहिला आणि म्हणाले, "त्यानेच 'नाही' लिहिलंय. तुझी बाजू साफ आहे." मी फॉर्म परत फायलीत लावला.

गेल्या आठवड्यात मी दादाच्या आईकडे गेलो. ती दारात कोळंबी सोलत बसली होती. दादा आत पडला होता.

"काकी, मला ठाऊक होतं. तरी मी सही केली."

तिने आधी शेजारच्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "धाकट्येचा लगीन व्हवचा हा अजून. ह्या कोणाक सांगा नको."

मग तिने ताट थोडं माझ्याकडे सरकवलं. मी खाली बसलो आणि कोळंबी सोलू लागलो. आतून दादाचा श्वास ऐकू येत होता.