उजवा हात आधी

फौजी म्हटलं की लोक बंदुकीबद्दल विचारतात. माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत बंदूक हाती आली ती फायरिंग रेंजवर आणि गार्ड ड्युटीला. बाकीचा वेळ माझ्या हातात टूथब्रश, दाढीचं सामान, टॉवेल आणि दुसऱ्याचा शर्ट असायचा. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. गाव जांभूळ, बदलापूरजवळ. गावातले काही म्हातारे मला अजून 'मिलिट्रीतली आया' म्हणतात. मी चिडत नाही. अर्धं खरंच आहे ते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा हवालदार म्हणून माझी पोस्टिंग एका मिलिटरी हॉस्पिटलच्या रिहॅबिलिटेशन वॉर्डात झाली. बावीस खाटा. कुणाचा हात गेलेला, कुणाचा पाय, कुणाच्या डोक्याला मार लागून अर्धं अंग लुळं. ०५३० ला चहा. ०६०० ते ०८०० आमची खरी परेड. दात, दाढी, आंघोळ, कपडे, नाश्ता. प्रत्येक गोष्ट पेशंटने स्वतः करायची आणि मी बाजूला घड्याळ घेऊन उभं राहायचं.

ही पद्धत तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमची. सिव्हिलियन होत्या, बोलायला तिखट. पहिल्याच दिवशी मी एका जवानाच्या शर्टाचं बटन लावून दिलं, तर त्या म्हणाल्या, "हवालदार, तुम्ही त्याला मदत करत नाही आहात. त्याचं काम चोरताय."

मी म्हणालो, "मॅडम, वीस मिनिटं झाली, एक बटन लागलं नाही."

"मग तीस लागू देत. रबरी चेंडू दाबायला लावून मी हात सुधारेनही. पण घरी गेल्यावर त्याला चेंडू दाबायचा नाहीये, शर्ट घालायचाय."

त्या दिवसापासून मी हात पाठीमागे बांधून उभा राहायला शिकलो. सांगायला सोपं आहे. समोर तरणाताठा माणूस घामाघूम होऊन स्वतःच्या बाहीशी झुंजतोय आणि आपण नुसतं बघायचं, हे भल्याभल्यांना जमत नाही.

लान्स नायक प्रभाकर भालेराव आमच्याकडे आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. डोंगरातल्या रस्त्यावर तीन टनी गाडी चालवत होता. कडा खचला आणि गाडी दरीत गेली. डोक्याला मार, उजवी बाजू लुळी. तंगडी ओढत चालायचा. उजवा हात कोपरात दुमडलेला, मूठ आवळलेली. बोलणं तुटक, पण समजायचं.

"घर कुठे?" मी विचारलं.

"कॅम्प चार."

"कुठली युनिट?"

तो हसला. तोंडाच्या एकाच बाजूने. "युनिट नाही, उस्ताद. उल्हासनगर."

मलाही हसू आलं. उल्हासनगरच्या वस्त्यांची नावंच कॅम्प एक, कॅम्प दोन अशी आहेत. आमच्या भागात ती शेंबड्या पोरालाही माहीत असतात, पण फौजेत कॅम्प म्हणजे कॅम्प. भरतीपासून प्रत्येक सुभेदाराने त्याला हाच प्रश्न विचारला होता म्हणे. विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या बरॅकींच्या मागच्या चाळीत त्यांची एक खोली होती. वडील लहानपणीच गेले. आई अंबरनाथ पूर्वेला एका कारखान्यात पॅकिंगला. तिच्या पगारावर घर चालायचं आणि धाकट्या बहिणीचं कॉलेजही.

प्रभाकरने पहिल्या आठवड्यातच मला त्याचं काम सांगितलं. "उस्ताद, मला बरं नाही करायचं तुम्ही. आई सकाळी सातला निघते. सातनंतर मला कुणी लागता कामा नये. नाहीतर ती नोकरी सोडेल."

मॅडमनी त्याची यादी केली. पहिलं जेवण. तो डाव्या हाताने जेवायला तयार नव्हता. तीन दिवस म्हणाला, भूक नाही. चौथ्या दिवशी मी माझं ताट घेऊन त्याच्यासमोर बसलो आणि डाव्या हाताने वरणभात खाल्ला. निम्मा माझ्या शर्टावर सांडला. तो बघत राहिला, मग त्याने चमचा उचलला.

मग ब्रश. पेस्टची ट्यूब गुडघ्यांत धरून टोपण फिरवायचं. टॉवेल नळाला गुंडाळून एका हाताने पिळायचा. पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक घातलं तेव्हा तो रुसला. म्हणाला, पोरांच्या चड्डीला असतं ते. शर्टाचा नियम आमच्या वॉर्डात सगळ्यांना पाठ असायचा. दुखरा हात आधी आत, काढताना शेवटी बाहेर. प्रभाकरचा उजवा. मांडीवर शर्ट पसरायचा, उजव्या हातावर बाही कोपराच्या वर चढवायची, मग पाठीमागून फिरवून डावा. मी कवायतीसारखं ओरडायचो, "उजवा हात आधी!" पहिल्या दिवशी त्याला अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. तीन महिन्यांनी सहा.

मधल्या काळात त्याची आई भेटायला आली. सुकटीची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी घेऊन आली. पोराला डाव्या हाताने चाचपडत खाताना बघितलं आणि तिने घास केला, त्याच्या तोंडाशी नेला.

"मावशी, हात मागे," मी म्हणालो.

"काय?"

"त्याचं त्याला करू द्या."

"आरं, लेकरू थकलंय माझं."

"थकू द्या. हात मागे घ्या."

तिने घास ताटात ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला आई हाय का रं?"

प्रभाकरने भाकरी संपवली, वेळ लागला, पण संपवली. आई पदर तोंडाला लावून बसून होती. निघताना मात्र तिने मला विचारलं, "घरी आल्यावर बी असंच करायचं ना? हात मागं?" मी म्हणालो, हो. ती शब्दाला पक्की निघाली.

आता कडीबद्दल लिहायला हवं.

डोक्याला मार लागलेल्या काही पेशंटना फिट येतात. प्रभाकरला वॉर्डात दोनदा आली होती. गोळ्या सुरू झाल्या आणि थांबली. त्याच्या कार्डावर लिहिलेलं होतं : गाडी चालवू नये, उंचावर चढू नये, आंघोळीला दार बंद करू नये. ते मी स्वतः त्याला वाचून दाखवलं.

तो म्हणाला, "उस्ताद, तुम्ही आमच्याकडचे. तुम्हाला कळेल."

मला कळलं. त्यांच्या खोलीत मोरी नव्हती. चाळीच्या टोकाला, त्यांच्या खोलीला लागूनच, पत्र्याच्या दाराच्या दोन न्हाण्या, बारा बिऱ्हाडांना मिळून. कडी न लावता तिथे आंघोळ करायची म्हणजे रस्त्यावर करायची. दार ढकललं जाणार, बायका येणार, आणि सव्वीस वर्षांचा माणूस इलॅस्टिकच्या पायजम्यासाठी एका हाताने धडपडताना दिसणार. नाहीतर आईने बाहेर पहाऱ्याला उभं राहायचं आणि कामावर जायचं नाही.

मॅडमच्या यादीत कडी नव्हती. कुठल्याच हॉस्पिटलच्या यादीत नसेल. मी सुताराकडून एक फळी आणली, तिच्यावर लोखंडी कडी ठोकली आणि भिंतीला लावली. मॅडमना विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील, हे माहीत होतं. पाच महिने फिट आली नव्हती. मी स्वतःला तेच सांगितलं.

उजवा खांदा दाराला टेकवायचा, डाव्या हाताने कडी उचलायची, सरकवायची आणि शेवटी खाली दाबायची. नऊ दिवस लागले. ज्या दिवशी कडी बसली, त्या दिवशी तो वॉर्डभर सांगत सुटला. त्याच्याइतकाच आनंद मला झाला होता. हे मी लपवत नाही.

मेडिकल बोर्ड झालं, तो पेन्शनवर घरी गेला. मी सुट्टीवर आलो की त्याला भेटून यायचो. आई सातला निघायची. तो उठायचा, स्टोव्हवर चहा करायचा, आंघोळ, कपडे, मग शेजारच्या सिंधी दुकानदाराच्या गल्ल्यावर दुपारपर्यंत बसायचा. दुकानदार त्याला फौजीसाहेब म्हणायचा. सगळं यादीप्रमाणे चाललं होतं.

नव्वदचं दशक लागल्यावर एका उन्हाळी सुट्टीतली गोष्ट. रविवार होता, मावशी घरी. मी ०८३५ ला पोचलो. प्रभाकर डाव्या हातात अर्धी बादली घेऊन न्हाणीकडे निघाला होता, टॉवेल खांद्यावर.

"उस्ताद, बसा," तो म्हणाला. "चौदा मिनिटं."

०८४० ला कडीचा आवाज आला. सरकली, मग खाली दाबली गेली. मी खोलीत बसून तो आवाज ऐकला आणि मला बरं वाटलं.

मावशींनी चहा टाकला. ०८५० च्या सुमारास तांब्या पडल्याचा मोठा आवाज झाला. मावशी उठल्या.

"मावशी, बसा," मी म्हणालो. "एका हाताचा माणूस आहे. तांब्या पडायचाच. उचलू द्या त्याचा त्याला."

त्या बसल्या. हात मांडीवर ठेवले. मग पाण्याचा आवाज आला नाही.

०८५४ ला चौदा मिनिटं झाली. त्या म्हणाल्या, "बघून येऊ का?"

मी म्हणालो, "पुसत असेल. पुसायला त्याला वेळ लागतो."

०८५८ ला मी उठलो. दार वाजवलं. "प्रभाकर." उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. मग खांदा मारला. पत्रा वाकला, कडी हलली नाही. शेवटपर्यंत दाबलेली होती, मी शिकवली होती तशी. सिंधी दुकानदार पहार घेऊन धावत आला. "हटो भाई, हटो!" दोघांनी मिळून बिजागऱ्या उपटल्या.

तो पालथा पडला होता. टॉवेल पाणी जायच्या भोकावर पडून पाणी तुंबलं होतं. चार बोटं असेल, जास्त नाही. चेहरा त्या पाण्यात होता. फिट आली होती, जीभ चावलेली होती. मी त्याला बाहेर घेतलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. डॉक्टर आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ०९२५.

तांब्या पडला तेव्हा मी उठलो असतो तर तो वाचला असता का, हे मला माहीत नाही. उठलो नाही, एवढं माहीत आहे. आई उठली होती. तिला मी बसवलं.

दुपारी त्याला तयार करायचं होतं. नवा पांढरा सदरा आणलेला. चाळीतले दोघे जण आधी डावा हात घालायला गेले, मग उजवीकडे बाही पुरेना. ओढाताण सुरू झाली. माझ्या तोंडून निघालं, "उजवा हात आधी." आवाज जरा मोठाच झाला असावा, कारण सगळे बाजूला सरले. मी सदरा पसरला. त्याची उजवी मूठ इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उघडी होती. बाही कोपराच्या वर चढवली, पाठीमागून फिरवली, डावा हात घातला. सहा मिनिटंही लागली नाहीत.

बटनांना हात घातला तेव्हा मावशी उशाशी येऊन बसल्या. त्या तोवर रडल्या नव्हत्या. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आता तरी मला करू देशील?"

मी हात मागे घेतले. त्यांनी खालपासून वरपर्यंत सगळी बटनं लावली. मी बाहेर जाऊन त्या मोडलेल्या दाराशी उभा राहिलो आणि रडलो.

ड्युटीवर परतल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं. फळी, कडी, तांब्या, सगळं. त्यांनी फळी भिंतीवरून उतरवून हातात घेतली. मग म्हणाल्या, "मला विचारायला हवं होतं तुम्ही. आणि त्याच्या घराला न्हाणी कुठे आहे, हे मी विचारायला हवं होतं." नंतर त्यांनी माझ्या फळीला गिरमिटाने भोक पाडलं आणि कडीला बांधलेली सुतळी त्यातून पलीकडे काढली. सुतळी ओढली की कडी बाहेरून उचलली जाऊन सरकते. हातभर सुतळी. त्यानंतर मी चाळीतल्या, वस्तीतल्या प्रत्येक पेशंटला कडी शिकवली ती सुतळीसकट. मॅडमच्या यादीत ती शेवटची ओळ झाली.

मावशी पंधरवड्याने कामावर गेल्या. रिटायर होईपर्यंत सकाळी सातला घरातून निघत राहिल्या. प्रभाकरला हवं होतं ते झालं, त्यांची नोकरी सुटली नाही. एकदा मला म्हणाल्या, "कडी तू शिकवलीस, हे त्यानं मला पहिल्या दिवशीच सांगितलं हुतं. लई खूश हुता."

बदलापुरात आम्ही माजी सैनिक सव्वीस जानेवारीला जमतो. गेलेल्यांची नावं वाचली जातात. रणांगणावर पडलेले, बर्फात राहिलेले. न्हाणीत गेलेल्याचं नाव कुठल्या यादीत येत नाही. वाचून झालं की अध्यक्ष विचारतात, कुणी राहिलं का? मी उभा राहतो. हात पाठीमागे नाही, बाजूला, सावधान. आणि म्हणतो, लान्स नायक प्रभाकर भालेराव, कॅम्प चार.

दर वर्षी कुणीतरी नवीन माणूस विचारतोच, "कुठली युनिट?"