निळ्या रिबिनीची पाळी

विनिता तरे मानसशास्त्राच्या डॉक्टर झाल्या, तेव्हा खारबावातली चार माणसं आपापल्या सासूचं डोकं तपासून घ्यायला दारात हजर झाली. त्यांच्या वडिलांनी, अनंता तऱ्यांनी, ओटीवरूनच त्यांना वाटेला लावलं.

"ती डोक्याची डाक्तर न्हाय. पोरं वाचाया कशी शिकतात त्ये बगते."

"म्हंजे शिकवते?"

"न्हाय रं. नुसती बगते."

"मंग शिकवतं कोन?"

अनंताने हा प्रश्न लेकीपुढे ठेवला. विनिताबाई हसल्या. म्हणाल्या, "बाबा, आधी बघावं लागतं."

आणि मग त्या बघतच राहिल्या. हातात स्टॉपवॉच, पिशवीत कार्डं. काही कार्डांवर खरे शब्द, काहींवर मुद्दाम जुळवलेले बिनअर्थाचे: 'फणमू', 'डोगसी'. पोर अक्षरं जोडून वाचतंय की पाठ म्हणतंय, ते त्यावरून कळायचं. "फणमू खातात का वो बाई?" असं एकाने विचारलं, तर बाईंनी तेही टिपून घेतलं. त्या काहीही टिपायच्या. बसमध्ये शेजारचं पोर दुकानांच्या पाट्या वाचू लागलं की यांचा हात आपोआप घड्याळाकडे जायचा, आणि उतरायचा स्टॉप निघून जायचा.

पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी पडघ्याजवळच्या एका पाड्यावर मोठा प्रयोग मांडला. चोवीस मुलं. बारा जणांना नव्या पद्धतीने वाचायला शिकवायचं, बारा जणांना तूर्त नाही, आणि वर्षाने दोन्ही गट ताडून पाहायचे. कुणी रुसू नये म्हणून चिठ्ठ्या मुलांनीच उचलल्या. ज्यांना लगेच शिकवायचं त्यांच्या मनगटाला लाल रिबीन, थांबायचं त्यांना निळी. सात वर्षांच्या दिपिका मुकणेला निळी निघाली. ती जास्त छान दिसते म्हणून पोरगी अंगणभर नाचली.

"निळ्यांची पाळी पुढच्या जूनमध्ये हं," बाईंनी सांगितलं. खोटं नव्हतं ते. त्या वेळी तर मुळीच नव्हतं.

पण प्रयोग फार छान झाला, तिथेच घोळ झाला. लाल रिबिनीची पोरं धडाधड वाचू लागली. निबंध छापून आला, बाईंचं नाव झालं, परदेशातून सहा महिन्यांचं बोलावणं आलं. सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. परत येऊन पाहतात तो पाड्यावरची शाळा बंद आणि निम्मी घरं वीटभट्टीवर गेलेली. बाई चुकचुकल्या. "बघू पुढे," म्हणाल्या. पुढे त्या विभागप्रमुख झाल्या. निबंधात त्या बारा जणांना 'प्रतीक्षा गट' म्हटलं होतं. भाषणात हा शब्द त्या फार सुरेख उच्चारायच्या.

आता निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांनी शेवटचं काम घेतलं: तीच चोवीस मुलं शोधायची, आज कशी वाचतात ते पाहायचं, सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं.

दिपिका सापडली मानकोलीच्या एका गोदामात. जेवणाच्या सुट्टीत ती गेटाबाहेर चहाच्या टपरीवर आली. बावीस वर्षांची, गळ्यात ओळखपत्र.

"ओळखलंस का गं?"

"घड्यालवाली बाई! म्हातारी झालीस की."

बाईंनी कार्ड पुढे केलं, घड्याळ दाबलं. दिपिका कार्डाकडे पाहत राहिली. ओठ हलले, थांबले. मिनिटात तीन शब्द झाले, त्यातला एक चुकला.

"मग गोदामात खोकी कशी लावतेस?"

"टेपच्या रंगावर. पिवला नाशिक, हिरवा पुना. निला आला की माजा. निला कदी चुकत न्हाय मी." मग तिने चहाचा घोट घेतला आणि हसत विचारलं, "बाई, आमची पाली आली का?"

विनिताबाईंनी घड्याळ बंद करून पिशवीत टाकलं.

"त्या जूनला आये रोज रिबीन बांदायची," दिपिका सांगत होती. "आमी बाराजन शालंच्या पायरीवं बसायचो. मास्तर हाकलायचा, तरी बसायचो. बाई येनार हाय, म्हनायचो. गनपतीपरेंत बसलो बग. मंग आयेनं ती रिबीन बकरीला बांदली." ती पुन्हा हसली. बकरी आठवूनच हसत होती ती, बाईंवर राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर त्यांनी सहकारी केसरीनाथला फोन केला. "मी तिला शिकवणार आहे."

"मॅडम, मधेच शिकवलंत तर सहा महिन्यांनी मोजायचं काय? निकाल बिघडेल."

"तो पंधरा वर्षांपूर्वीच बिघडला रे. बिघडल्याचं तेवढं छापून आलं नव्हतं."

पहिल्या रविवारी दिपिका बाईंच्या घरी यायची होती, पण आलीच नाही. ड्युटी बदलली होती. दुसऱ्या रविवारी दुपारी पाड्यावरच्या तिच्या घरी बाई जाऊन बसल्या. दिपिका सकाळच्या शिफ्टवरून नुकती आली होती, संध्याकाळी पुन्हा जायचं होतं. बाईंनी या वेळी बिनअर्थाचं एकही कार्ड आणलं नव्हतं. 'दार' झालं, 'दिवा' झाला. तिसऱ्या कार्डावर तिचं स्वतःचं नाव होतं. तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, "दि" म्हणाली, आणि बोट तिथेच ठेवून भिंतीला टेकून झोपली.

बाईंनी कार्ड ओढून घेतलं नाही. पाच वाजता गोदामाची गाडी येणार होती, तोवर तिला उठवायचं होतं. त्या शेजारी बसून राहिल्या.