पाण्याची गोळी

दुकानात आले की काका आधी पँट गुडघ्यापर्यंत वर करत, पाय स्टुलावर ठेवत आणि नडगीवर अंगठा रोवत. अंगठा काढला की तिथे खड्डा. “भरतो बघा, हळूहळू,” म्हणत ते त्या खड्ड्याकडे कौतुकाने बघत बसायचे. मागे गिऱ्हाइकं ताटकळत असायची.

आंबिवलीला स्टेशनरोडवर माझं मेडिकल आहे. काका मागच्या चाळीतले, कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. तुमच्याही आळीत असा एक माणूस असेल. कुणी गेलं की पहिला निरोप त्याला जातो. बांबू आणण्यापासून तिरडी बांधण्यापर्यंत सगळं तोच बघतो. आमच्याकडे काकांशिवाय मयत उचललं जात नसे.

त्यांचं हृदय थकलं होतं. त्याला रक्त जोराने पुढे ढकलता येईनासं झालं की पाणी आधी पायांत उतरतं, मग छातीत साचतं. ते लघवीवाटे काढून टाकायला डॉक्टरांनी सकाळची गोळी दिली होती. ती घेतली की दुपारपर्यंत घर सोडायची सोय नाही, इतकी घाई होते. बाकीच्या गोळ्यांचाही जाच होताच. ठोके आवरणाऱ्या गोळीने वाकून उठताना अंधारी यायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे सुतळीने कापलेल्या बोटाचं रक्त लवकर थांबायचं नाही. ते सगळं त्यांनी सोसलं. भांडण होतं ते पाण्याच्या गोळीशी.

“ताई, आज ती गोळी बंद. मयत आहे.”

“काका, अशी बंद करायची नसते.”

“मग काय करू? प्रेत खांद्यावर असताना सांगू सगळ्यांना, थांबा जरा, मोकळा होऊन येतो?”

मला हसू यायचं आणि संतापही. “मी विचारलंय डॉक्टरांना. परत आल्यावर घेतली तरी चालेल. पण घ्या.”

ते मान डोलवायचे. काकू सांगायच्या, स्मशानातून आले की आंघोळ करतात आणि तसेच आडवे होतात, गोळी पाकिटातच.

गेल्या थंडीत चाळीतली म्हातारी माणसं एकामागून एक गेली. काका सारखे कुणाच्या तरी दारात बांबू घेऊन बसलेले. शेवटचे दुकानात आले तेव्हा पायरी चढतानाच थांबले. चपलेचा पट्टा पायात रुतला होता.

“झोपलं की दम लागतो, ताई. बसूनच रात्र काढतो.”

“रिक्षा बोलावते. आत्ता दवाखान्यात चला.”

“समोरच्या आजी गेल्या सकाळी. तेवढं उरकून येतो. या पोरांना गाठ मारता येत नाय. वाटेत सुटली तर?”

मी ओरडले, काकूंना फोन केला. काही उपयोग झाला नाही. त्यांनी आजींची तिरडी जमिनीवर बसून बांधली, स्मशानापर्यंत चालत गेले आणि तिथल्या बाकावर बसले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला त्यांचा फार राग आला. अजून येतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या तिरडीपाशी वाद चालले होते, गाठ अशी की तशी. मी काकूंना धरून बसले होते. एकाने अंगठे बांधायला काकांचे पाय जुळवले, नडगीवर हात दाबून धरला आणि काम झाल्यावर उचलला. तिथे बोटांचे खड्डे पडले होते.

काकू त्या खड्ड्यांकडे बघत राहिल्या. मीही. ते भरले नाहीत.