चार जीबी की आठ

मावशी माझ्या नात्यातली नाही. ती टायपिस्ट आहे. झेरॉक्सच्या दुकानावर तिची एक खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात कागदांचे गठ्ठे. माझा एम.ए.चा प्रबंध तिनेच टाइप केला. शेवटचं पान हातात देताना म्हणाली, "वाक्यं फार लांब आहेत गं तुझी. वाचणाऱ्याला दम लागतो." तेव्हापासून मी तिच्याकडे जाते. तेव्हापासून लहान वाक्यं लिहिते.

तिचं टायपिंग बघत बसावं. नजर माझ्यावर, तोंडाने माझी हजेरी घेणं चालू, आणि बोटं आपली धावतायत. फाईल उघडणं, बंद करणं, शोधणं, सगळं कीबोर्डवरून. माउस आहे, पण तो कागद उडू नयेत म्हणून.

फक्त रविवारी ती माउस हातात घेते. दुपारी चारला तिच्या मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. तो परदेशात आहे. गेल्याला सहा वर्षं झाली. मधे एकदाच आला, तोही आठ दिवसांसाठी.

लॅपटॉप जुना. कॉल सुरू झाला की अडकायचा. मुलाचा चेहरा मधेच थिजायचा. एकदा तो जांभई देताना थिजला. मावशी ती जांभई पाच मिनिटं बघत होती.

"लहानपणी अशीच द्यायचा," म्हणाली.

मग आवाज यायचा, "आई, ऐकू येतंय? किती फायली उघड्या ठेवल्यास?"

"कामाच्या आहेत रे. बारा-तेरा असतील."

"चार जीबीत एवढं कसं झेपेल त्याला? मेमरी वाढव."

"कुठली घेऊ?"

"आधी मेमरीची पट्टी बसवायला रिकामा स्लॉट आहे का ते बघावं लागेल."

"स्लॉट म्हणजे रे?"

तो रविवार स्लॉटमधे गेला. पुढचा रविवार चार घ्यायची की आठ, यात. त्याच्या पुढचा तिचा वेग किती हवा, यात.

"दुकानदार चोवीसशेचा वेग म्हणतो. तू सव्वीसशे म्हणतोस. मी कुणाचं ऐकू?"

"दोन्ही चालतील गं! किती वेळा सांगू?"

"तुला बुटाची नाडी बांधायला महिनाभर शिकवलं मी. एकदा तरी म्हटलं का असं?"

तो हसायचा. पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. कॉल तास-तासभर चालायचे. असे चार महिने गेले. माझाच जीव टांगणीला लागला. एवढी हुशार बाई, आणि एक वस्तू ठरवता येऊ नये?

शेवटी मीच लॅपटॉपवाल्याकडे गेले. मॉडेल नंबर सांगितला.

"आठच न्या," तो म्हणाला. "चार न्याल आणि वर्षभरात परत याल."

शनिवारी मेमरीची डबी तिच्या टेबलावर ठेवली. "माझ्याकडून."

मावशी डबीकडे बघत राहिली. "अगं, अजून आमचं ठरत होतं."

"ठरलं आता. आठ."

तिने खणातून स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. नेमका त्याच मापाचा. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी मागचं झाकण काढलं, पट्टी स्लॉटमधे बसवली. लॅपटॉप मिनिटाच्या आत सुरू झाला.

"छान झालं," ती म्हणाली.

रविवारी मी मुद्दाम थांबले. चारच्या आधी मावशी फायली उघडत होती. दहा. पंधरा. वीस. मी म्हटलं, "एवढ्या कशाला?" ती म्हणाली, "बघते, झेपतंय का." झेपलं.

मुलगा दिसला. लख्ख. दाढी करताना हनुवटीला लागलेलंसुद्धा दिसलं.

"आई, वा! काय घेतलंस शेवटी?"

"आठ."

"झकास. सुटलो बुवा!"

मग गुडघा कसा आहे. बरा आहे. जेवलास का. जेवलो. हनुवटीला काय झालं. काही नाही गं. मग प्रश्न संपले. चित्र हलत होतं. तो मान खाजवत होता. ती पदर सारखा करत होती.

"बरं, ठेवू?"

"ठेव."

मी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं झाली होती.

मावशी एकेक फाईल बंद करायला लागली. कीबोर्डवरून, पटापट. मला काय करावं कळेना, म्हणून स्क्रूड्रायव्हर उचलून खणात ठेवायला गेले. खणात एक चिठ्ठी होती. टाइप केलेली. एक स्लॉट रिकामा. आठ जीबी. सव्वीसशे. खाली तारीख. 'स्लॉट म्हणजे रे?' असं तिने विचारलं, त्याच्याही आठवडाभर आधीची.

मी चिठ्ठी तिच्यापुढे धरली.

"मावशी, तुला माहीत होतं?"

तिने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. घडी घातली. माउसखाली ठेवली.

"तू चांगल्या मनाने आणलंस," ती म्हणाली.

"काढून टाकू का? आत्ता काढते."

"वेडी आहेस? किती पळतोय बघ बिचारा." तिने लॅपटॉपवरून हात फिरवला. मग म्हणाली, "चहा टाक. माझ्यात साखर कमी."

पुढच्या रविवारी मी चारच्या आधीच निघाले. तिने माउस कागदांवरून उचलून लॅपटॉपला जोडला होता. मी चपला घालत होते, तेवढ्यात कॉल आला. दार उघडंच होतं.

"अरे, ती हार्डडिस्क काढून एसएसडी टाकतात म्हणे. कुठली घेऊ?"

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, अडकला.

"आई, आधी आहे ती किती भरलीय, ते बघ. खाली डाव्या कोपऱ्यात जा."

"डाव्या म्हणजे माझ्या की तुझ्या?"

"तुझ्या गं. थांब, घाई नको करूस. मी सांगतो."

मी दार हळूच ओढून घेतलं.